डोळ्यातलं कुसळ : औषध जुनं की नवं?



दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो. पण खरोखरीचं कुसळ डोळ्यात गेलं तर पुढे काय होऊ शकतं, याचा विचार आम्ही २००९ पर्यंत कधी केला नव्हता.

यंदा मंडळाने कार्यक्रमाची तिकिटं आणि देणग्या यांतून जमणारा निधी ग्रामीण भागातल्या डोळ्यांच्या उपचारांसाठी द्यायचं ठरवलं आहे. बैठकीत साहजिकच प्रश्न आला, पैसे नेमके कशावर खर्च व्हावेत? एक सूचना आली, "आपण अमेरिकेतून मदत करतोय, तर बाजारातलं सगळ्यात नवं औषध द्यावं!" खरं सांगायचं तर ही सूचना आमचीच होती. मग रिवाजाप्रमाणे, जो बोलला त्याच्याच गळ्यात काम! "तुम्हीच अभ्यास करा आणि स्मरणिकेत लिहा," असा हुकूम झाला. दोन महिने वीकएंडला वाचत बसलो आणि वाचता वाचता आमचं मत बदललं. ते का बदललं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आम्ही डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं आम्ही. तेव्हा हा लेख वाचून कुणी स्वतःवर औषधोपचार करू नयेत. औषधांची परीक्षा कशी घेतात आणि तिच्यातून काय कळतं, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

मामांचा डोळा

२००९ साली आम्ही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमचे मामा सांगलीकडचे, थोडा ऊस, थोडी ज्वारी असं शेत. उसाचा पाला काढताना पातीची कड त्यांच्या डाव्या डोळ्याला लागली. उसाची पात किती धारदार असते हे ज्यांनी हाताला ओरखडे घेतलेत त्यांना सांगायला नको. डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं. मामींनी दवाखान्यात जायचा आग्रह धरला, तर मामा म्हणाले, "एवढ्याशा पातीनं काय हुतंय?"

गावातल्या औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली. दोन दिवसांत लाली कमी झाली. त्याच आठवड्यात आमचं फोनवर बोलणं झालं, तेव्हा आम्ही शहाणपणाने म्हणालो, "लाली गेली ना मामा, मग औषध लागू पडलंय. चालू ठेवा." हे वाक्य आम्ही आजपर्यंत विसरलेलो नाही.

पुढच्या आठवड्यात बुबुळावर पांढरट डाग दिसू लागला. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत तीन आठवडे होऊन गेले होते. त्यांनी बाटली पाहिली आणि मान हलवली. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून वरून बरं वाटतं, पण आत बुरशी वाढत असेल तर तिला रान मोकळं मिळतं. मामांचा डोळा वाचला नाही. बुबुळाला भोक पडलं आणि पुढे त्या डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळू लागला.

बुबुळावर बुरशी?

भाकरीवर, लोणच्यावर, पावसाळ्यात चपलांवर बुरशी येते हे आपल्याला माहीत असतं. डोळ्यात बुरशी वाढते हे ऐकून मात्र धक्का बसतो.

आपण ज्याला सर्रास बुबुळ म्हणतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात, पुस्तकी मराठीत पारपटल. ही काच शाबूत असते तोवर बुरशीला आत शिरायला वाट मिळत नाही. पण कुसळ, पात, काटकी, भाताचं तूस यांनी तिच्यावर ओरखडा उठला की तीच वस्तू आपल्याबरोबर बुरशीचे कण आत सोडते. म्हणजे चोराने दार फोडायचं आणि सामानही त्यानेच आत आणून ठेवायचं, असा प्रकार. मग तिथे व्रण होतो. तो भरला तरी पांढरा वण राहतो. गावाकडे "डोळ्यात फूल पडलं" म्हणतात ना, त्याचं हे एक कारण.

उष्ण आणि दमट हवेत यात मुख्यतः दोन जातींच्या बुरशी सापडतात, फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस. दोन्ही धाग्यांसारख्या वाढतात. थंड देशांत कॅन्डिडा ही यीस्टच्या प्रकारातली बुरशी जास्त दिसते.

हा आजार क्वचित होणारा आहे असा आमचा समज होता. तो चुकीचा निघाला. मदुराईला १९९४ साली अवघ्या तीन महिन्यांत बुबुळाच्या व्रणाचे ४३४ रुग्ण तपासले गेले. ज्यांच्यात जंतू सापडला, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कारण बुरशी होती. २०२१ साली जगभरातल्या आकडेवारीवरून जो अंदाज मांडला गेला, त्यानुसार दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोकांना हा आजार होतो आणि त्यांपैकी ८ ते ११ टक्के लोकांचा डोळाच काढावा लागतो. रुग्ण बहुतेक करून आशिया आणि आफ्रिकेतले, शेतात राबणारे. म्हणजे घरातली कमावती माणसं.

आधी निदान, मग औषध

जिवाणूंमुळे झालेला व्रण आणि बुरशीमुळे झालेला व्रण वरून पाहता बरेचसे सारखे दिसतात. जाणकार डॉक्टरही केवळ बघून चुकू शकतात. आणि उपचार तर पूर्ण वेगळे! जिवाणूंवरचं अँटिबायोटिक बुरशीला काहीच करत नाही.

मग ओळखायचं कसं? पद्धत जुनी आणि अगदी साधी आहे. भूल देणारे थेंब घालून व्रणाच्या कडेचा कणभर भाग खरवडतात, काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा १० टक्क्यांचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्या द्रावणाने बाकीच्या पेशी विरघळल्यासारख्या होतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले धागे स्पष्ट दिसतात. रुग्ण बाकावर बसलेला असतानाच उत्तर मिळतं. खर्च म्हणावा तर काचपट्टी, थेंबभर रसायन आणि ते बघायला शिकलेली एक व्यक्ती. मामांच्या गावापासून सर्वांत जवळ ही सोय कुठे होती, हे आम्हाला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मैदानातली औषधं

आता मुख्य विषयाकडे येऊ. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. हा फरक आहे म्हणूनच आपल्याला फारसा धक्का न लावता बुरशीवर हल्ला करता येतो. प्रमुख औषधं तीन:

१. नॅटामायसिन. हे सगळ्यांत अनुभवी. १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, म्हणून नाव नॅटामायसिन. गंमत म्हणजे चीजला बुरशी लागू नये म्हणूनही हेच वापरतात! तेव्हा आपल्या फ्रीजमधल्या चीजच्या पाकिटावर ते नाव दिसलं तर दचकू नका. डोळ्यासाठी ५ टक्क्यांचे दुधट पांढरे थेंब असतात. ते एर्गोस्टेरॉलला चिकटून बसतं. अमेरिकेत १९७८ पासून त्याला मान्यता आहे. दोष एकच सांगितला जातो, रेणू मोठा असल्याने ते बुबुळात खोलवर जात नाही.

२. अ‍ॅम्फोटेरिसिन बी. हेही १९५०च्या दशकातलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून आलेलं. ते बुरशीच्या आवरणाला भोकं पाडतं. कॅन्डिडासाठी चांगलं. पण डोळ्याचे तयार थेंब सहसा मिळत नाहीत, शिरेतून देण्याच्या औषधापासून बनवून घ्यावे लागतात, आणि ते डोळ्याला झोंबतात.

३. व्होरिकोनॅझोल. हे नव्या पिढीतलं, अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळालेलं. हे बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवूच देत नाही. प्रयोगशाळेत भरपूर प्रकारच्या बुरशींवर चालतं, आणि डोळ्यात छान खोलवर शिरतं.

आता तुम्हीच सांगा, एवढी माहिती दिली तर तुम्ही कुणाला मत द्याल? आम्ही व्होरिकोनॅझोललाच दिलं असतं. नवं, खोल जाणारं, चौफेर चालणारं! बऱ्याच नेत्रतज्ज्ञांचाही कल त्या काळात तिकडेच झुकू लागला होता.

मदुराईची परीक्षा

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच शिकायला मिळते. नवी आवृत्ती कागदावर कितीही चांगली दिसली, तरी ती जुनीच्या शेजारी चालवून बघितल्याशिवाय ग्राहकाच्या गळ्यात मारायची नाही. (आम्ही हा नियम किती पाळतो हा भाग वेगळा!) डॉक्टरांनी मात्र तो पाळला.

मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या संस्थेतले डॉ. व्यंकटेश प्रज्ञा आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून २०१० साली एक मोठी तुलना सुरू केली. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेचा, म्हणजे थोडा तुमच्या-आमच्या करातलाही!

धाग्यांसारखी बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली आहे असे ३२३ रुग्ण घेतले. कुणाला नॅटामायसिन आणि कुणाला व्होरिकोनॅझोल, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नाही, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. याचं कारण महत्त्वाचं आहे. डॉक्टरांनी निवडलं असतं तर जास्त आजारी माणसाला नवं औषध द्यायचा मोह झाला असता, आणि मग तुलना खरी राहिली नसती. दोन्ही गटांना पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, मग तीन आठवडे पुरे होईपर्यंत दर दोन तासांनी. तीन महिन्यांनी चष्मा लावून कुणाला किती दिसतं ते मोजलं.

२०१३ साली निकाल जाहीर झाला. जिंकलं ते जुनं नॅटामायसिन!

डॉक्टरांकडे अक्षरांचा तक्ता असतो ना, त्यावर नॅटामायसिनवाल्यांना सरासरी जवळजवळ दोन ओळी जास्त वाचता आल्या. फ्युजेरियमच्या रुग्णांत तर हा फरक चार ओळींचा होता. चार ओळी म्हणजे काय? एखाद्याला बसची पाटी वाचता येणं आणि दुसऱ्याला बस आली एवढंच कळणं. बुबुळाला भोक पडण्याचं किंवा तातडीने बुबुळ बदलावं लागण्याचं प्रमाणही नॅटामायसिन गटात जवळपास निम्मं होतं. इतर बुरशींच्या बाबतीत दोन औषधांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे कुठल्याच गटात नवं औषध सरस ठरलं नाही. फ्युजेरियम व्होरिकोनॅझोलला पुरेशी दाद देत नाही, हे याचं एक मोठं कारण.

पुढच्या परीक्षा

"थेंब नाही चालले, तर गोळ्या देऊन बघू," हा पुढचा विचार. भारत आणि नेपाळमधल्या २४० गंभीर रुग्णांना थेंबांच्या जोडीला काहींना व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या आणि काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. २०१६ साली निष्कर्ष आला, एकूण पाहता गोळ्यांनी डोळे जास्त वाचले नाहीत, त्रास मात्र वाढले. नंतर हेच औषध सुईने थेट बुबुळात देऊन पाहिलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या त्या अभ्यासातही फायदा दिसला नाही, उलट भोक पडण्याचा धोका वाढलेला आढळला.

दुसऱ्या बाजूने स्वस्त पर्यायाचाही शोध चालू होता. क्लोरहेक्सिडीन हे तोंड धुण्याच्या औषधात आणि ऑपरेशनच्या आधी त्वचा पुसायला वापरलं जाणारं जंतुनाशक. ते अगदी स्वस्त, कुठेही बनवता येणारं. बांगलादेशातल्या १९९०च्या दशकातल्या छोट्या अभ्यासांत ते आशादायक वाटलं होतं. पण नेपाळमध्ये साडेतीनशेच्या आसपास रुग्णांवर झालेल्या तुलनेत, जिचा निकाल २०२२ साली आला, तेही नॅटामायसिनच्या मागे पडलं.

मधल्या काळात, २०१७ साली, जागतिक आरोग्य संघटनेने नॅटामायसिनचे थेंब आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. आपलं म्हातारं औषध अखेर मानाच्या पाटावर बसलं.

पण मंडळी, या सगळ्या निकालांतून आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. गंभीर रुग्णांमध्ये कुठलंही औषध दिलं तरी बऱ्याच जणांचं बुबुळ वाचत नाही. म्हणजे प्रश्न "कुठलं औषध?" एवढाच नाही, "कितव्या दिवशी?" हाही आहे. मामांना तिसऱ्या आठवड्यात जगातलं सगळ्यात महाग औषध दिलं असतं तरी फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी कुणी खरवडून बघितलं असतं आणि हे दुधट थेंब दिले असते, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

हे फक्त शेतकऱ्यांचं दुखणं नाही

इथे बसून आपल्याला वाटेल, आपला काय संबंध? तर ऐका. २००५-०६ साली अमेरिका, सिंगापूर, हाँगकाँग इथे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांमध्ये याच फ्युजेरियमची साथ आली. एकट्या अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री पटली. लेन्स ठेवण्याच्या एका विशिष्ट द्रावणाशी तिचा संबंध लागला आणि मे २००६ मध्ये ते द्रावण जगभरातून मागे घेतलं गेलं. उसाच्या फडात उभा असलेला शेतकरी आणि रात्री दोनपर्यंत स्क्रीनसमोर बसून लेन्ससकट झोपी जाणारा इंजिनिअर, बुरशीच्या दृष्टीने दोघं सारखेच!

मग आपला निधी कशासाठी?

बैठकीत आम्ही आमची सूचना मागे घेतली आणि नवी मांडली. ती मान्य झाली याचा आनंद आहे. निधीतून महागडं नवं औषध घ्यायचं नाही. त्याऐवजी तीन गोष्टींना मदत करायची. पहिली, ग्रामीण नेत्रकेंद्रात सूक्ष्मदर्शक आणि खरवड तपासायला शिकलेली व्यक्ती. दुसरी, नॅटामायसिनचे थेंब, पहिल्याच दिवशी हातात पडतील असे. तिसरी गोष्ट अगदीच साधी वाटेल, पण मामींनी सांगितलेली आहे: रुग्ण आणि सोबतचं माणूस यांच्या येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च. दर तासाला थेंब घालायचे तर कुणीतरी जवळ बसावं लागतं, आणि बसणाऱ्याची मजुरी बुडते. उपचार बहुतेक वेळा इथेच तुटतो.

अशा कामात फोटो काढण्यासारखं काही नसतं. काचपट्टी, थेंबाची बाटली आणि एसटीचं तिकीट! पण अभ्यासाअंती आम्हाला वाटतं, डोळे वाचतील ते यानेच.

जाता जाता, लक्षात ठेवा

• डोळ्यात पात, कुसळ, काटकी लागली तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि दुखणं, लाली किंवा अंधुकपणा राहिला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

• जिभेने किंवा पदराच्या टोकाने कुसळ काढणं, मध, एरंडेल, दूध असले घरगुती उपाय डोळ्यात नकोत.

• दुकानातून स्वतःहून थेंब आणू नका. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कधीच नाही. लाली गेली म्हणजे आजार गेला असं नाही.

• थेंब सुरू केले की डॉक्टर सांगतील तोपर्यंत थांबवू नका. हा आजार आठवड्यांच्या हिशेबाने बरा होतो.

• लेन्स घालून झोपू नका, त्या नळाच्या पाण्याने धुऊ नका, आणि डबीतलं द्रावण रोज नवं घ्या.

• शेतात काम करताना साधा गॉगलही मोठं संरक्षण देतो. भारतवारीला जाताना चॉकलेटांबरोबर दोन-चार संरक्षक चष्मे नेता आले तर बघा.

• नेत्रदानाचा अर्ज भरा. ज्यांचं बुबुळ औषधाने वाचत नाही, त्यांना दुसऱ्याच्या बुबुळाचाच आधार असतो.

गेल्या दिवाळीत मामांशी बोलताना आम्ही या लेखाबद्दल सांगितलं. २००९ च्या त्या फोनबद्दलही पहिल्यांदाच बोललो. मामा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुला तरी काय ठावं हुतं? आता ठावं झालंय न्हवं, मग सांग की चार लोकास्नी."

म्हणून सांगितलं. आता एक काम बाकी आहे. या रविवारी गावाकडे फोन कराल तेव्हा दोन मिनिटं काढून शेतावरच्या माणसांना यातलं एवढं तरी जरूर सांगा: डोळ्याला पात लागली तर वाट बघू नका.